बंद पडलेली जुनी चेतक घरी सुरू करताना

गाडी बरीच वर्षं उभी असेल तर सगळ्यात आधी एवढंच सांगतो: किक मारू नका.

आपल्याकडे जुनी स्कूटर बाहेर काढली की घरातला प्रत्येक जण एकेक किक मारून बघतो. शेजारीही येऊन दोन मारून जातात. पण इतकी वर्षं सिलिंडरच्या आत ऑइलचा थेंब गेलेला नसतो. बिडाच्या सिलिंडरवर गंजाचा पातळ थर आलेला असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. अशात जोराची किक बसली तर रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडा जातो आणि पाचशे रुपयांत होणारं काम बोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्यावर, जाऊन थांबतं.

बाबांची चेतक आमच्या जिन्याखाली नऊ वर्षं उभी होती. गुडघ्यामुळे बाबांना किक मारणं जमेनासं झालं तेव्हापासून. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती काढली आणि रविवारच्या रविवार काम करत पाच आठवड्यांत रस्त्यावर आणली. मी मेकॅनिक नाही. त्या पाच आठवड्यांत काय कोणत्या क्रमाने करावं हे जे कळलं, ते पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्यासाठी लिहितो आहे.

आपल्या हातात काय आहे

हे सगळं टू-स्ट्रोक चेतकबद्दल आहे. बजाजने ती १९७२ मध्ये आणली. आराखडा इटलीच्या व्हेस्पा स्प्रिंटवरून घेतलेला, नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं आणि कारखाना आपल्या पुण्याजवळच्या आकुर्डीचा. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७, म्हणून इंजिन १४५ सीसीचं. २००२ मध्ये आलेली फोर-स्ट्रोक चेतक आणि २०२० पासूनची विजेवरची चेतक यांना यातलं फारसं काही लागू पडणार नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. सुरू व्हायला बॅटरीही लागत नाही. पेट्रोल पोचलं, ठिणगी वेळेवर पडली आणि सिलिंडरमध्ये दाब तयार झाला की गाडी सुरू व्हायलाच हवी. होत नसेल तर या तिघांपैकी एकात खोट आहे. त्यामुळे इंजिन खोलायची घाई करू नका. जिन्याखाली उभ्या राहिलेल्या दहातल्या आठ गाड्या पेट्रोल आणि करंट एवढ्यावरच सुरू होतात असं माझं मत झालं आहे.

खर्च करण्याआधी कागद बघा. आरसी पुस्तकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का ते पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्याबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही सक्तीची आहे. विमा आणि पीयूसी तर हवेतच. गाडी आजोबांच्या किंवा काकांच्या नावावर असेल तर ते काम आधी मार्गी लावा.

हत्यारं फार लागत नाहीत. १०-११, १२-१३ आणि १४-१५ चे पाने, २१ चा प्लग पाना, दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फिलर गेज (बारीक फट मोजायची पाती), बारीक पॉलिश पेपर, तारेचा ब्रश. मॅग्नेट, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून करंट तयार करणारं चाक, काढायची वेळ आली तर त्याचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो. तो एखाद्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणता येतो. आणि एक जुनी थाळी घ्या. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने तिच्यात मांडा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पहिला रविवार: इंजिन मोकळं करणं

उजव्या बाजूचं बोनेट काढा. प्लगची टोपी ओढा आणि प्लगच्या आजूबाजूची धूळ फुंकून साफ करा, नाहीतर प्लग काढताच ती आत पडेल. प्लग काढल्यावर भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) सोडा आणि गाडी रात्रभर तशीच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी किक पायाने नाही, हाताने दाबा. हळूहळू खाली जाऊन परत आली तर उत्तम. अजिबात हलली नाही तर आणखी ऑइल सोडून दोन दिवस थांबा. नंतर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे अगदी हलकी डोलवा. तरीही सुटली नाही तर हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, काढावं लागेल, आणि तिथून पुढचं काम नवख्याने एकट्याने करू नये.

इंजिन मोकळं झालं की प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबा आणि कोणाला तरी हाताने किक द्यायला सांगा. अंगठा ढकलला गेला पाहिजे. नुसतीच हवा फुसफुसली तर रिंगा किंवा पिस्टन संपला आहे असं समजा.

पेट्रोलची वाट

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका. ते कुजलेलं असतं, रॉकेलच्याही पुढचा एक आंबूस वास येतो. टॉर्च मारून टाकीचा तळ बघा. गंजाची खपली असेल तर टाकी काढा, आत मूठभर छोटे नट आणि थोडं पेट्रोल टाका, झाकण लावून ती चांगली घुसळा आणि ओता. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हंडा घासावा, तसं तीन-चार वेळा करा. नट मोजून टाका आणि मोजून काढा. हे काम उघड्यावर करा, जवळ विडी-सिगारेट किंवा देवाची निरांजनसुद्धा नको.

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, त्यातून हवा आत जाते. माझी गाडी सुरू झाल्यावर दर दोन किलोमीटरला बंद पडायची आणि पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू व्हायची. मी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, तीनदा खोलला. शेवटी दोष निघाला तो त्या भोकात बसलेल्या मेणचट धुळीत. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. सुईने भोक मोकळं केलं आणि गाडी कात्रजपर्यंत जाऊन आली.

पेट्रोलची नळी नवी घाला. जुनी दिसायला धड असली तरी घाला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. चेतक बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. नळी, कॉकमधलं (पेट्रोलच्या तोटीतलं) रबर, कार्बोरेटरची पॅकिंग आणि फ्लोटची (आतल्या तरंगत्या डबीची) सुई हे सगळं मिळून फार महाग नाही. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्या. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

आता कार्बोरेटर. तो एका पेटीत बसलेला असतो, वर एअर फिल्टर. फिल्टर काढून पेट्रोलमध्ये धुवा आणि वाळवा. जिथे नळी येते तिथल्या टोपीचा बोल्ट काढला की आत नखाएवढी जाळी मिळते. माझ्या गाडीत ही जाळी इतकी बंद होती की उजेडासमोर धरल्यावर एकही छिद्र दिसेना. तांबूस गंज, त्यावर जुन्या ऑइलचा चिकट पापुद्रा, तोही गुळाच्या काकवीसारखा ओढला जाणारा. पेट्रोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासल्यावर दहा मिनिटांत ती पितळी रंगावर आली.

मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा, एकटा नसतो. वरून स्क्रू ड्रायव्हरने काढल्यावर तीन तुकड्यांची एक कांडी बाहेर येते. तिचं प्रत्येक छिद्र उजेडासमोर धरून बघा. शेजारचा लहान जेट मंद गतीचा. गाडी सुरू होते पण ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडते, ही तक्रार बहुतेक वेळा यातल्याच कचऱ्यामुळे असते. जेटमध्ये तार घालू नका, छिद्र मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. ब्रशचा एखादा नायलॉनचा केस आणि पंक्चरवाल्याकडची हवा पुरते. परत बसवताना हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवा आणि दीड आटा मागे घ्या. तिथून पुढे गाडी गरम झाल्यावर कानाने जुळवायचं.

चेतक आडवी करून किक मारायची सवय बहुतेक घरांत होती. आडवी केल्यावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल जेटवरून जास्तीचं उतरतं, म्हणजे ते चोकचंच काम झालं. रोज आडवी करावी लागत असेल तर चोकची वायर ढिली आहे किंवा फ्लोटची पातळी बिघडली आहे. दोन्ही गोष्टी घरी दुरुस्त होतात.

करंट

प्लग नवाच घ्या, शॉर्ट रीचचा. लांब आट्यांचा प्लग बसतो, पण त्याचं टोक पिस्टनवर आपटतं. गॅप ०.६ मिलिमीटर ठेवा. प्लग टोपीत घालून त्याचं लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर, कारण तिथे पेट्रोलची वाफ असते. किक मारल्यावर निळी, कडकडीत ठिणगी दिसली तर पुढे जा. पिवळी आणि मंद असेल किंवा दिसलीच नाही, तर आधी टोपी बदला, मग पॉइंट बघा.

जुन्या चेतकमध्ये पॉइंट (उघडून-मिटून ठिणगी पाडणारा स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) असतात. पंख्याचं कव्हर काढलं की मॅग्नेटला खिडक्या दिसतात, त्यातून आत पॉइंट दिसतो. मॅग्नेट हाताने फिरवत पॉइंट जास्तीत जास्त उघडेल तिथे थांबा. दोन टोकं एकमेकांना भेटतात ती जागा काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून मधून ओढा आणि नंतर कोरा कागद ओढा, म्हणजे भुकटी राहत नाही. फिलर गेजचं ०.४ चं पातं मधून जाताना किंचित अडकलं पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तसं. स्क्रू ढिला करून तेवढी फट जुळवा, घट्ट करा आणि पुन्हा मोजा, कारण घट्ट करताना ती हमखास हलते. टोकं खड्ड्यासारखी जळलेली असतील तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला.

पहिली सुरुवात

ऑइलचं प्रमाण एका लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर टू-टी ऑइल. टाकीत आधी ऑइल, मग पेट्रोल, म्हणजे ते आपोआप मिसळतं. जास्त ऑइल घातलं की इंजिन जास्त जपलं जातं असं नाही. त्याने प्लग काळा होतो आणि सायलेन्सर कोंदतो.

कॉक उघडा, मिनिटभर थांबा, कुठे गळत नाही ना ते बघा. चोक ओढा, ॲक्सिलरेटर न देता किक मारा. सुरुवातीला पांढरा धूर भरपूर येईल, तो आपण सिलिंडरमध्ये ओतलेल्या ऑइलचा. सोसायटीत आधी सांगून ठेवा. दहा मिनिटांनी धूर विरळ झाला पाहिजे. होतच नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं ऑइल सील (ऑइल आणि हवा अडवणारी रबरी कडी) गेलं आहे.

ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिनाचा आवाज आपोआप चढत गेला तर घाबरू नका, पण थांबूही नका: चोक ओढा, चौथा गिअर टाका, ब्रेक दाबून क्लच सोडा. इंजिन बंद पडेल. हे मॅग्नेटच्या बाजूच्या ऑइल सीलचं लक्षण आहे. तिथून जादा हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि तसंच चालवलं तर पिस्टन जाम होतो. ही दोन्ही सीलं चांगल्या मेकॅनिककडून बदलून घ्या.

गिअरचं ऑइल बदला: एसएई ३०, पाव लिटर. गरम इंजिनावर खालचा बोल्ट काढला की जुनं लवकर उतरतं.

ब्रेक, वायर आणि चाकं

गाडी सुरू झाली की लगेच चक्कर मारावीशी वाटते. मलाही वाटली, पण ब्रेक होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि तुम्हीही ठरवा. चेतकचे दोन्ही ब्रेक ड्रमचे. नवे असतानाही ते आजच्या डिस्कसारखे धरत नव्हते, मग नऊ वर्षांनी काय धरतील. चाक आणि ड्रम काढा, आतली धूळ ओल्या फडक्याने पुसा, फुंकू नका, कारण जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. लायनर (ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर) चकचकीत झाले असतील किंवा त्यांवर ऑइल आलं असेल तर शू बदला. मागच्या ड्रमच्या मोठ्या नटाची कॉटर पिन दर वेळी नवी घाला. ती पिनच तुमचं मागचं चाक जागेवर ठेवते.

चाकाबद्दल एक गोष्ट नीट वाचा. चेतकची रिम दोन अर्ध्यांची असते. काही नट चाक ड्रमला धरतात, काही नट रिमचे दोन अर्धे एकमेकांना धरतात. टायरमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले तर दोन्ही अर्धे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. वॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री केल्याशिवाय त्या नटांना पाना लावू नका.

टायर ३.५०-१० मापाचे. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदला, सोबत ट्यूबही. हवा पुढे १८, मागे एकट्याला २५ आणि डबलसीटला ३६ पौंड.

क्लचची एक, गिअरच्या दोन, ॲक्सिलरेटरची, चोकची आणि ब्रेकच्या वायर सगळ्या एकदमच बदला. नवी वायर घालताना तिला ग्रीस चोपडा. क्लचच्या लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवा. गिअर सुटत असेल तर आधी गिअरच्या दोन वायरींचा ताण जुळवा. त्यानेही सुटतच राहिला तर आतला गिअर क्रॉस झिजला आहे, आणि ते इंजिन उतरवायचं काम आहे.

सुधारणा: काय करावं, काय करू नये

माझ्या मते एकच सुधारणा पैसे वसूल करते: सहा व्होल्टची पॉइंटवाली गाडी बारा व्होल्टच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर नेणं. पॉइंट घासायची कटकट जाते, थंडीत एक-दोन किकमध्ये गाडी सुरू होते आणि रात्री रस्ता दिसतो. त्यासाठी कॉइल प्लेट (मॅग्नेटच्या आतली, कॉइल बसवलेली प्लेट), मॅग्नेट, सीडीआय (पॉइंटच्या जागी ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), रेग्युलेटर, फ्लॅशर, हॉर्न आणि सगळे बल्ब बदलावे लागतात. सहा व्होल्टचे बल्ब तसेच ठेवले तर पहिल्याच झटक्यात उडतील.

खरेदीला जाताना जुना मॅग्नेट पिशवीत घालून न्या. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, निमुळत्या टोकावर मॅग्नेट बसतो, आणि ते निमुळतेपण सगळ्या इंजिनांचं सारखं नसतं. सैल बसलेला मॅग्नेट चालत्या गाडीत घसरून अर्धचंद्रासारखी छोटी चावी कापतो आणि क्रँकही खराब करतो. पुण्यात नाना पेठेत अजून हे सामान मिळतं, बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातही नशीब असलं तर चांगला तुकडा हाती लागतो. मात्र ब्रेक शू, वायर आणि सील जुन्या बाजारातून घेऊ नका.

जुनी कॉइल प्लेट काढण्याआधी प्लेट आणि इंजिन दोन्हींवर मिळून सुईने एक रेघ मारून ठेवा. परत पॉइंटवर जायची वेळ आली तर टायमिंग सापडेल. मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोडी मारू नका. नव्या प्लेटवर टायमिंगची खूण असते, ती इंजिनावरच्या खुणेशी जुळवा. आणि सीडीआय बसवल्यावर प्लगची टोपी हवेत लोंबत ठेवून किक मारू नका, सीडीआय जळतो.

बऱ्याच चेतकना हेडलाइटसाठी मॅग्नेटमधून थेट एसी करंट मिळतो. त्यावर एलईडी लावला की तो लुकलुकतो. एलईडी हवाच असेल तर रेक्टिफायरवाला रेग्युलेटर आणि छोटी बॅटरी लागेल. साधा ३५/३५ वॅटचा बल्ब आणि स्वच्छ रिफ्लेक्टर मला पुरेसा वाटतो. त्याहून मोठा बल्ब लावला तर कॉइलला झेपत नाही आणि होल्डर वितळतो.

सायलेन्सरची जाळी फोडू नका. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या आतली रचना इंजिनाच्या श्वासाशी जोडलेली असते. फोडल्यावर आवाज वाढतो आणि ताकद कमी होते. सायलेन्सर कोंदला असेल तर कार्बन साफ करून घ्या. मोठा सिलिंडर आणि पिस्टन बसवायच्या सल्ल्यांकडेही लक्ष देऊ नका. ब्रेक तेच राहतात, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते.

बोअरिंग करावं लागलं तर पिस्टन ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज घालतात. ते लेथवाल्याचं काम. त्यानंतर पहिले पाचशे किलोमीटर लिटरला ४० मिलिलिटर ऑइल घाला आणि गाडी दमवू नका.

रस्त्यावर

टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. म्हणून खंबाटकी घाटासारखा लांब उतार ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्ये उतरू नका. इंजिन जोरात फिरत असतं आणि ऑइल जवळपास शून्य. अधूनमधून क्लच दाबून थोडा ॲक्सिलरेटर द्या.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा, विशेषतः इंजिनचा, चाकांचे आणि सायलेन्सरचा. मग प्लग काढून बघा. टोक काळं आणि ओलं असेल तर ऑइल जास्त आहे किंवा हवा कमी. पांढुरकं असेल तर मिश्रण पातळ आहे, लगेच थांबा आणि हवा कुठून ओढली जाते ते शोधा. माझा प्लग पहिल्यांदा काळा निघाला, हवेचा स्क्रू पाव आटा फिरवल्यावर तिसऱ्या खेपेला दूध घातलेल्या कॉफीच्या रंगावर आला. तो तसाच फडक्यात गुंडाळून मी वर नेला आणि बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, प्लग खिडकीपाशी धरला, अंगठ्याने टोक पुसलं आणि म्हणाले, "आता स्टेपनीत हवा भर."